चौदा नंबरच्या दोघी

मी इंदूबाई. बोरी अरबच्या शिलाई युनिटात लाइन सुपरवायझर. गावात त्याले युनिट कोणी म्हणत नाई, कंपनीच म्हणते. चाळीस मशीना, चाळीस बाया, शाळेचे शर्ट-पॅन्ट शिवतो. अकरा वर्षांत माहा एक खाडा नाई, अन् हे मी सांगतल्याबिगर राहत नाई हे बी सगळ्यायले माहीत हाये. पण आज जे सांगाचं ते माहं नाई, रुपीबाईचं हाये. त्यात मी काही चांगली दिसत नाई. नाई दिसली तं नाई दिसली. खोटं सांगून चांगलं दिसण्यापेक्षा हे बरं.

रुपी नाल्यापल्याडच्या तांड्यावरची. पायी दहा मिनिटांची वाट. वय असंल चौतीस-पस्तीस, अंगानं काटकुळी, जिभेनं मिरची. मागच्या जूनमधी ती पहिल्यांदा कंपनीच्या दारात आली अन् मले म्हणे, काकू, चार तासाचं काम भेटते का? हात चांगला हाये, कॉलर लावता येते, पण पुरा दिवस नाई जमत. मी म्हटलं, हे काय भाजीचं दुकान हाये का बाई, पाव किलो, अर्धा किलो? नऊ ते सहा. पुरा नाई तं कायीच नाई.

दुसरी असती तं मान खाली घालून गेली असती. ही उभीच. म्हणे, काहून? अकरा वर्षांत मले कोणी काहून म्हणून इचारलं नोतं. मी म्हटलं, नियम हाये. म्हणे, कोणी केला? म्हटलं, मालकानं. म्हणे, मालक बसते का नऊ ते सहा? माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिले दारातून वापस पाठवलं.

सोमवारी ती परत आली अन् एकदम गरीब गाय. नऊ ते सहा मंजूर, म्हणे. मले वाटलं, आली बाई वळणावर. मी तिले मागच्या दाराजवळची चौदा नंबरची मशीन देल्ली.

आता काम म्हणसान तं सोनं. कॉलरची नोक अशी काढे का बोट लागंल. दांडी नाई, बहाणा नाई. श्रावणात तांड्यावर तीज बसते, नऊ दिवस पोरी टोपलीतल्या गव्हाले पाणी घालते, गाणं-नाचणं चालते. तांड्याच्या पाच बाया सुट्टीवर, पण चौदा नंबर चालू. पोळा झाला, चालू. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बी चालू. मंग कापूस फुटला. आमच्याकडं कापूस फुटला का कंपनी ओस पडते. वेचणीचा भाव किलोवर असते, सकाळून चार घंटे वेचलं तरी रोजी निघते, मंग नऊ ते सहा कोण बसंल? दरसाल बाया महिना-दीड महिना वावरात जाते, मशीनीवर चादरी पडते अन् मालक माह्या नावानं ओरडते. मी इतर बायायले सांगो, त्या रुपीकडं पाहा जरा. तिले बी घर हाये, तिले बी वावर हाये.

मालकाचं बी सांगते. मालक म्हणजे अंकुर, आमच्या बापूजीचा पोरगा. कंपनी बापूजीनं काढली. अंकुर पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता. कोरोनात घरी आला तं दोन वर्ष इथंच, ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन पुण्याची नोकरी केली. मायनं चहा आणून द्यावा, यानं मान न वर करता प्यावा. मंग बापूजी थकले, यानं नोकरी सोडली अन् कंपनी हातात घेतली. पोरगा वाईट नाई. फक्त त्याले वाटते का बोरीतल्या बायायले आपण नाई पाह्यलं तं त्या झोपून राहतीन.

आता पकडलं कसं ते ऐका. कापडाचे रंग अन् सूत नाकात जाते म्हून कंपनीनं सगळ्यायले एकसारखे निळ्या चौकडीचे दुपट्टे देल्ले. नाकातोंडाले बांधायचे, डोळे तेवढे उघडे. डिसेंबराच्या सुरवातीले एका दुपारी तीन वाजता यवतमाळवरून कापडाचे तागे आले. नेहमीची गाडी बिघडली होती म्हून भाड्याची आणली, अन् ती गाडी निघाली देवीलालची. देवीलाल म्हणजे रुपीचा नवरा. खांद्यावर तागा घेऊन तो मागच्या दारातून आत आला, थेट चौदा नंबरच्या बाजूनं.

चौदा नंबरवरची बाई ताडकन उठली. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला अन् भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. देवीलालनं बी नजर खाली घातली, तागा ठेवला अन् बाहीर निघून गेला.

माहं सगळं आयुष्य तांड्याच्या शेजारात गेलं. घुंगट कोणासमोर काढते हे मले काय शिकवाचं? सासऱ्यासमोर काढते, जेठासमोर काढते. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. सख्ख्या नवऱ्याले पाहून भिंतीकडं तोंड करणारी बायको मी पाह्यली नोती. मी गेली, दुपट्टा खाली ओढला. रुपी नोतीच. तिची धाकली जाऊ होती, जया. देवीलालच्या धाकल्या भावाची, शामची बायको, सव्वीस वर्षाची पोरगी.

ती रडतरडत बोलली. जूनपासून दोघीनं एकच नोकरी केली होती. सकाळी रुपी, दुपारी जया. जेवणाच्या सुट्टीत रुपी नळावर जाते म्हून मागच्या दारानं जाय अन् तोच दुपट्टा बांधून जया येऊन बसे. नाव एक, पगार एक, अर्धा-अर्धा. घरी सासू हाये, सुखीबाई. पक्षाघातानं डावी बाजू गेली. दर दोन घंट्यानं कूस बदलावी लागते, नाई तं पाठीले जखमा होते. कोणीतरी एक घरी पाहिजेच. माणसं दोघं गाडीवर.

त्यावेळी मले काय वाटलं ते खरं सांगते. सासूचं काही वाटलं नाई. मले वाटलं, माह्या नाकाखालून सहा महिने. मी जिचं नाव घेऊन चाळीस बायायले बोलणं लावलं, तिनं मले येडं बनवलं. मी तशीच तरातरा अंकुरच्या केबिनमधी गेली अन् सगळं सांगून टाकलं. चहाडी केली. दुसरा शब्द नाई त्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुरनं दोघीयले उभं केलं. मी दाराजवळ. जया खाली पाहून राह्यली होती, रुपी सरळ मालकाच्या डोळ्यात. अंकुर म्हणे, ही फसवणूक हाये. पोलिसात देता येते. तशी रुपी बोलली.

"काय चोरलं सांगा साहेब. धागा चोरला? कापड चोरलं? येळ चोरला? नाव खोटं होतं, हे कबूल. खरं सांगून चार तास मागतले तवा काकूनं दारातून वापस पाठवलं."

माहं तोंड उतरलं. अंकुर म्हणे, नियम सगळ्यायले सारखा असते, कोण कवा येते, कोण कवा जाते हे मालकाले दिसलं पाहिजे. रुपी हसली. कुत्सित नाई, साधीच हसली.

"तुम्ही दोन वर्ष बोरीत बसून पुण्याची नोकरी केली. तुमच्या साहेबानं पाह्यलं का, तुम्ही ओसरीवर बसले का खाटीवर? त्यानं काम पाह्यलं."

"ते वेगळं होतं," अंकुर म्हणे.

"वेगळं एवढंच का तुमची मशीन मांडीवर मावते. माही नाई उचलत. म्हून मी मशीन घरी नाई नेली, माणूस बदललं."

पोराचे कान लाल झाले. पण हुशार हाये. त्यानं हिशेबानं डाव टाकला. रुपीले म्हणे, तुह्या हाताले तोड नाई, तू पुरा वेळ ये, नोकरी पक्की करतो, झालं गेलं विसरतो. जयाले मात्र उद्यापासून फाटक बंद.

जयानं रुपीच्या पदराले हात लावला. म्हणे, बाई, तू ये, मी पाहते याडीले. याडी म्हणजे त्यायच्यात माय. सासूले बी तेच म्हणते. मले वाटलं, आता ही हो म्हणंल. कोण म्हणणार नाई? घरात एक पुरा पगार येणार, पुढं नाव पक्कं. अन् नाई म्हटलं तं दोघीचंबी गेलं.

रुपीनं गळ्यातला निळा दुपट्टा काढला. नीट घडी केली, टेबलावर ठेवली. म्हणे, दोघी नाई तं एक बी नाई. अन् जयाचा हात धरून निघून गेली. मी मनात म्हटलं, जा, मिजास उतरली का येशीन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली.

चौदा नंबरवर चादर पडली. दुसऱ्या दिवशी मी हॉलमधी फिरत होती तं पाय तथंच थांबला. चाळीसपैकी बावीस मशीनीवर चादरी. बाया वेचणीले. अन् मले आठवलं का कापूस फुटल्यापासून कालपर्यंत एकच मशीन अशी होती जिच्यावर चादर एक दिवस पडली नोती. ती मशीन मीच बंद पाडली. हात दाखवून अवलक्षण.

वरून ऑर्डर. सव्वीस जानेवारीच्या आधी चोवीसशे पांढरे शर्ट यवतमाळच्या एका शाळेले द्यायचे, वीस तारखेच्या आत. नाई देल्ले तं पुढच्या वर्षाची ऑर्डर गेली. अंकुर दिवसातून चारदा म्हणे, काकू, बाया आणा. कुठून आणू? बाभुळगावपर्यंत फोन लावले. सगळीकडं कापूस फुटला होता. एक म्हणे, सकाळी वेचून दुपारी आलं तं चालंल का? सवयीनं माह्या तोंडून निघालं, नऊ ते सहा. फोन ठेवल्यावर मीच माह्यावर चिडली.

दहाव्या दिवशी मी तांड्यावर गेली. कोणी पाठवलं नाई, आपली आपण गेली. रुपीच्या घरी जया वेचणीले गेलती. रुपी सुखीबाईची कूस बदलत होती. मी समोर उभी असून तिनं मले बस म्हटलं नाई, आधी हातातलं काम केलं. म्हातारी अंगानं भारी. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक, अन् हळूच ओढलं. पाठ पुसली, पावडर लावली, उशी देल्ली. पाठीवर एक चट्टा नोता. सहा महिने लोळागोळा पडलेलं माणूस अन् पाठ कोरी. चौदा नंबरची कॉलर अन् ही पाठ एकाच हाताची होती, हे मले तवा समजलं.

मी म्हटलं, रुपी, ऑर्डर बुडून राह्यली. चल. ती म्हणे, कोणाले नेता, मले का दोघीयले? मी म्हटलं, दोघीचं कसं लिवावं, कंपनीत असं कुठं असते का? जबाबदारी कोणाची धरावी?

ती म्हणे, काकू, तुमच्या घरी बैल किती होते? मी म्हटलं, एक. एकच होता बाप्पा, आमचे हे शेजारच्या भगवानरावासंग सावड करत. त्यायचा एक, आमचा एक, जोडी जुंपायची अन् आलटून-पालटून दोघाची पेरणी. म्हणे, मंग कोणाच्या बैलानं जास्त ओढलं हे इचारत होते का? पेरणी झाली का नाई तेवढंच पाहत ना? मशीनले बी तेच करा.

बत्तीस वर्ष सावडीवर घर चाललं माहं, अन् ही गोष्ट माह्या डोक्शात आली नाई. मंग ती बोलली ते आजबी कानात हाये.

"काकू, तुमची माय गेली तवा तुमच्या मशीनवर दुसरं कोणी बसलं असतं तं?"

ती गोष्ट मीच सांगतली होती. पाच-पन्नास वेळा, सगळ्या नव्या पोरीयले, शिस्त शिकवाले. सहा वर्षांमागं माही माय घाटंजीले सिरियस होती. दुपारी दोनले निरोप आला. माल निघायचा होता, मी सहापर्यंत बसली. खाडा नाई केला. मंग यष्टीनं यवतमाळ, तथून घाटंजी, अन् पोचली तं माय गेलेली. शेवटचं पाणी शेजारणीनं पाजलं होतं. ही गोष्ट मी छाती फुगवून सांगत होती. अकरा वर्षांत एक खाडा नाई.

मी तथंच, तांड्याच्या त्या ओसरीवर बसली अन् रडली. लपवाचं कायले? रुपीनं पाणी आणून देल्लं. समजूत काढली नाई. मले त्याचंबी बरं वाटलं.

तथून निघाली ती थेट केबिनमधी. अंकुरले म्हटलं, साहेब, मशीनले सावड लावा. त्याले सावड समजली नाई, कॉम्प्युटरवाला तो, मी समजावलं. एक मशीन, दोन नावं. कोण सकाळी, कोण दुपारी, ते जोडीनं ठरवाचं. तुम्ही फक्त पाहाचं का चादर पडली नाई अन् माल चोख आला. म्हणे, बिघडलं तं धरू कोणाले? म्हटलं, जोडीले धरा. एकटीले धराल तं ती बहाणा सांगंल, जोडीतल्या दोघी एकमेकीले सोडणार नाई. त्यानं जरा विचार केला अन् म्हणे, बरं, चौदा नंबरपुरतं करून पाहू. त्या दोघीयले बोलवा, गुपचूप.

मी निरोप धाडला. रुपी आली अन् म्हणे, गुपचूप नाई. गुपचूप तं आम्ही सहा महिने केलंच, त्यासाठी तुमची परवानगी कायले पाहिजे? कराचं तं यादीत लिवून, दोघीचीबी नावं, अन् जिले जोडी लावायची तिले लावू द्या. जिले पुरा दिवस पाहिजे ती पुरा बसंल. मले एकटीले सूट देसान तं बाकीच्या बाया मले खातीन, अन् बरोबर खातीन.

अंकुर म्हणे, तू नोकरी मागायले आली का अटी घालाले? म्हणे, नोकरी मागायले जूनमधी आलती. मी मधात पडली. म्हटलं, साहेब, बावीस चादरी मोजून या, मंग बोला. तो उठला, खरंच हॉलमधी गेला. पाच मिनिटांनी आला अन् म्हणे, नावं लिवा.

सोमवारी नऊ जोड्या लागल्या. पुष्पा अन् तिची नणंद, मोतीबाई अन् शेजारची प्रेरणा, जिचं लेकरू अजून अंगावर पिते. दोनपर्यंत वावरात वेचणाऱ्या बाया दुपारून आल्या, सकाळच्या घरी गेल्या. सकाळपासून शिवून पाठ धरलेली बाई अन् ताज्या अंगानं आलेली बाई, फरक शर्टात दिसते. उसवायले येणारा माल निम्म्यावर आला. वीसच्या ऐवजी अठरा तारखेले शर्ट गेले. आता अंकुर यवतमाळात चार लोकायत सांगते का ही आपली आयडिया. सांगू द्या. पोटात गेलं ते कामाचं, नाव कोणाचं लागते त्याले कोण इचारते. पण मी हे सांगून राह्यली ते एवढ्यासाठीच का खरं कोणाचं ते कुठंतरी राहावं.

रुपी मात्र हुरळली नाई. महिन्याभरानं तिनं नवीन काढलं. फोन फाटकाजवळच्या पेटीत ठेवाचा नियम होता. म्हणे, घरी आजारी माणूस हाये तिचा फोन तिच्याजवळ पाहिजे. अंकुरनं कपाळाले हात लावला. मी म्हटलं, साहेब, तुमचं ठरते तोवर त्यायच्या घरच्यायले माहा नंबर द्या. मी पेटीत ठेवत नाई, मले कोण बोलते?

फेब्रुवारीच्या तेवीस तारखेले सकाळी अकराले माहा फोन वाजला. जया होती. याडीचा श्वास लागला, बाईले पाठवा, एवढंच बोलली. मी चौदा नंबरजवळ गेली. रुपीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजली. सुईखाली कॉलर अर्धी. ती जिंदगीत कोणाले परवानगी मागत नाई, पण त्या दिवशी तिचा हात कॉलरवरून निघत नोता. सवय असते ना हाताले. म्हणे, काकू, एवढी टीप…

मी तिचा हात धरून उठवलं. म्हटलं, जा. पळ. ती मागच्या दारानं पळाली, नाल्याकडं, तोच निळा दुपट्टा वाऱ्यावर.

जोडीतली दुसरी घरी म्हातारीजवळ होती. येणारं कोणी नोतं. मशीनची चादर बाजूलेच घडी करून ठेवलेली होती. मी ती उचलून खिडकीत टाकली अन् बसली. सहा वर्षांत मशीनवर बसली नोती, पण पायाले विसर पडत नाई. टीप पुरी केली, दुसरी कॉलर घेतली. अंकुर राउंडले आला, पाहतच राह्यला. म्हणे, काकू, हे सुपरवायझरचं काम नाई, अन् लाइन कोण पाहंल?

"लाइन आपली आपण चालून राह्यली साहेब. तुम्ही यादी आणा, अन् चौदा नंबरले तिसरं नाव लिवा. इंदूबाई."

त्यानं लिवलं. मी सहापर्यंत बसली. जेवाले बी उठली नाई.

रुपी तेराव्यानंतर कामावर आली. सकाळी नऊले, जयाबी संग होती, दोघी एकदमच. आता घरी कूस बदलायले कोणी नोतं. अंकुर म्हणे, मंग आता दोघी पुरा दिवस या, दोन मशीना देतो. रुपी म्हणे, नाई, आमची जोडी तशीच राहू द्या. जयाले दिवस गेले हाये. अन् मशीनवर बसायच्या आधी ती माह्याजवळ आली.

"काकू, याडीनं पाणी माह्या हातून घेतलं."

मी म्हटलं, बस बाई कामाले. नऊ वाजून गेले.